चिखलातला अठ्ठावन्नावा झेल

"दोन सामने कमी खेळलाय पोरगा, वर्लिन! दोन! वादळानं खाल्ले ते."

"मग वादळाचं नाव लिही फलकावर. न खेळलेले सामने मी कसे धरू?"

"धर म्हणतोय कोण? एवढंच म्हणतोय, सत्तावन्न आणि अठ्ठावन्न यांत फरक तो केवढा?"

"एकाचा." वर्लिननं भेंडी चिरता चिरता सांगितलं. "शाळेत गेला होतास ना तू?"

"गेलो होतो म्हणूनच सांगतो. लूशियसला अडवायला होतं कोण? उसाच्या शेतातनं थेट मैदानात आलेली, भावाचे बूट घातलेली पोरं. आणि डेमॅरियनच्या अंगावर दोन-दोन सोडायचे, दोघंही हरणासारखे."

"आणि लूशियसच्या मानेत कोपर घातलं तरी पंच शिट्टी वाजवत नव्हता, ते का गिळतोस? आता नुसतं बोट लागलं की पंचाचं पिवळं फडकं उडतं. वर ते हातमोजे! चेंडू बिचारा आपणहून येऊन चिकटतो. लूशियस उघड्या हातांनी झेलायचा. उघड्या!"

"तुझ्या लूशियसनं पुढे तळव्यांना डिंक फासला. सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं."

"पुढे. इथे नाही." सुरी थांबली. "आणि 'तुझ्या' म्हणजे काय रे?"

आल्सीडनं कॉफीच्या कपात तोंड घातलं. कप केव्हाच रिकामा झाला होता, तरी तो पीत राहिला.

हे भांडण काही त्या दोघांचंच नव्हतं. ऑगस्टपासून अख्खं सेंट ऑबिन तेच भांडत होतं. न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर, साखर कारखान्याच्या फाटकाशी, जिथे दोन माणसं उभी राहतील तिथे. गावानं आजवर दोनच मोठे झेल्ये दिले. खेळ अमेरिकन फुटबॉलचा: फेकणाऱ्यानं तो निमुळता चेंडू हवेत सोडायचा, आणि झेल्यानं मागं न बघता धावत जाऊन तो हवेतनं काढायचा. पहिला लूशियस पोर्टर. पन्नास वर्षांपूर्वी शाळेतनं गेला, कॉलेज गाजवलं, मग अकरा वर्षं व्यावसायिक संघातनं खेळला. न्यू ऑर्लिन्सला म्हाताऱ्यांच्या एका घरात दोन वर्षांपूर्वी वारला. दुसरा डेमॅरियन ग्विलोरी, वय बावीस. व्यावसायिक संघातलं त्याचं हे पहिलंच वर्ष, आणि सहाव्या सामन्यानंतर टीव्हीवाल्यांनी पडद्याचे दोन तुकडे केले. एकात रंगीत डेमॅरियन, दुसऱ्यात दाणेदार, फिकट लूशियस. दोघंही एकाच वेळी उडी मारतात, एकाच वेळी खाली येतात. खाली प्रश्न: मोठा कोण?

शाळेनं मैदानावर नवा फलक लावायचं ठरवलं होतं. एका मोसमातले सर्वांत जास्त झेल: लूशियस पोर्टर, अठ्ठावन्न. डेमॅरियन ग्विलोरी, सत्तावन्न. शुक्रवारी, माजी विद्यार्थ्यांच्या सामन्याआधी, पडदा ओढायचा. डेमॅरियनच्या संघाला या आठवड्यात सुट्टी, म्हणून तो स्वतः हजर राहणार. आकड्यांच्या कागदावर वर्लिनची सही हवी होती, कारण शाळेच्या सामन्यांची नोंद सतराव्या वर्षापासून तीच ठेवत आली होती. प्रशिक्षक नऊ बदलले, मुख्याध्यापक सहा. वर्लिन बदलली नाही. मैदानाच्या वरच्या खोक्यासारख्या खोलीत ती बसे, मांडीवर वही, शेजारी ध्वनिक्षेपकवाला. ती नाव सांगे आणि तो ते गावभर ओरडे. तिनं लिहिलं ते घडलं, असा गावाचा हिशेब होता. आकड्यांचा तो कागद आता फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लटकत होता.

आणि आल्सीड? आल्सीड बतिस्ते म्हणजे मैदानाच्या फाटकावर तिकिटं फाडणारा. चाळीस वर्षं साखर कारखान्यात बॉयलरवर काढली, उसाच्या हंगामात सलग बारा-बारा तास. पण शुक्रवारी, सामन्याच्या संध्याकाळी, तो फाटकावर हजर. कारखान्यानं कधी सुट्टी नाकारली नाही, कारण साहेबही त्याच शाळेचा. फाटकावर उभं राहिलं की मैदान पाठीला येतं. लोक म्हणत, "आल्सीड, अरे आता कोणी येत नाही, वळ की, सामना बघ!" तो म्हणे, "येतंय ऐकू." नावं ऐकू येत. अमक्याचा झेल, तमक्याची धाव. प्रत्येक नाव वर्लिनच्या पेन्सिलीतनं निघालेलं. सामना संपला की दोघं एकाच गाडीतनं घरी जात, आणि ती त्याला सांगे काय काय झालं ते. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात आल्सीडनं आपल्या शाळेचा एकही सामना डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

तो स्वतः खेळला होता ही गोष्ट आता कोणाच्या फारशी लक्षातही नव्हती. लूशियस उजवीकडचा झेल्या, आल्सीड डावीकडचा. चेंडू जायचा उजवीकडे. डावीकडच्यानं पळायचं, म्हणजे विरोधी पोरं त्याच्यामागं पळतात. लूशियसच्या अठ्ठावन्न झेलांच्या त्या अख्ख्या मोसमात आल्सीडच्या नावावर अकरा झेल होते.

"पोरगा आला वाटतं जेवायला," वर्लिन म्हणाली. "शर्ट बदल. आणि त्याच्यासमोर हे सुरू करू नकोस. बिचारा जाईल तिथे लोक त्याला लूशियसशेजारी उभं करून उंची मोजतात."

डेमॅरियन दारातनं वाकून आत आला. हातात वाफाळत्या बुदँ सॉसेजची पिशवी, डोक्यावर टोपी. वर्लिननं नुसतं टोपीकडे बघितलं, तशी ती हातात आली.

"सॉरी, मॅम."

"बस. हात धू आधी. लाखो डॉलरचे आहेत ना ते, बघू तरी."

त्यानं पंजे पुढे केले. उजवी करंगळी वाकडी, डाव्या अंगठ्याला पट्टी. वर्लिन म्हणाली, "यापेक्षा माझे बरे," आणि त्याच्या ताटलीत भाताचा डोंगर केला. वर कोंबडीचा दाट रस्सा, बाजूला भेंडी.

"एवढं नाही जाणार, मिस वर्लिन."

"तुझ्या आजीला फोन करून सांगू? माझ्याकडनं उपाशी गेलास म्हणून?"

"खातो, मॅम."

थोडा वेळ तो खरंच नुसता खात राहिला. घरी आलेल्या पोरासारखा, मान खाली घालून. मग म्हणाला, "मिस्टर आल्सीड, मला तुम्हालाच भेटायचं होतं. मिस्टर लूशियसबरोबर खेळलेले तुम्हीच उरलात ना?"

"फेकणारा होता क्लोव्हिस, तो गेल्या वर्षी गेला. हो. मीच उरलो."

"मग सांगा ना. कसे होते? मी त्यांचे जुने व्हिडिओचे तुकडे हजारदा बघितलेत. पण ते सगळे नंतरचे. मोठ्या मैदानांतले. इथला एकही नाही. झोपताना डोळे मिटतो आणि आपलं हे मैदान आणतो डोळ्यांसमोर, त्यात त्यांना पळवून बघतो. पळतच नाहीत. मला ते इथे दिसतच नाहीत, सर."

आल्सीडला पोरगा एकदम आवडला. याआधी तो त्याच्या बाजूनं भांडत होता, आवडणं वेगळं.

"पळताना आवाज नसायचा," तो म्हणाला. "आमच्या बुटांचा थपथप आवाज व्हायचा, त्याचा नाही. आणि चेंडू येतोय हे तोंडावर दिसू द्यायचा नाही. समोरचा झेल्याच्या डोळ्यांकडे बघतो ना, डोळे मोठे झाले की कळतं चेंडू आला. लूशियसचे डोळे पेंगुळल्यासारखे. चेंडू हातात पडेपर्यंत पेंगुळलेले."

"बापरे." डेमॅरियननं डोळे पेंगुळल्यासारखे करून बघितले. वर्लिन सिंकपाशी हसली.

"तसे नाहीत. तू नुसता झोपाळू दिसतोस," ती म्हणाली. "त्याचे... त्याचे वेगळे होते." आणि नळ सोडला.

आल्सीडनं ते ऐकलं. त्या मोसमाच्या वर्षी शरदात शाळेच्या नाचाला वर्लिन लूशियसबरोबर गेली होती. पिवळा झगा होता. लूशियस कॉलेजला गेला, लिहीन म्हणाला, लिहिलं नाही. तीन वर्षांनी आल्सीडनं विचारलं आणि ती हो म्हणाली. त्यावर पुढे कधी बोलणं झालं नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच, लोक म्हणतील.

"आणि तो शेवटचा?" डेमॅरियननं चमचा खाली ठेवला. "चिखलातला? अठ्ठावन्नावा? त्या एकानं मी मागं राहिलो म्हणून नाही विचारत. देवाशप्पथ. पण सगळे म्हणतात तसा झेल पुन्हा झाला नाही, आणि सांगायला कोणालाच येत नाही. माझे आजोबा म्हणायचे, नुसता चिखल दिसत होता."

"नुसता चिखलच होता." आल्सीड मागे रेलला. "तीन दिवस पाऊस. मैदान म्हणजे काळा राडा, घोट्यापर्यंत पाय जायचा. आमच्या जर्सीचा रंग कुठला नि त्यांचा कुठला, कळेना. पाठीवरचे आकडे पहिल्या पाच मिनिटांत गेले. कॅमेरावाल्यानं कॅमेरा गुंडाळून गाडीत ठेवला. शेवटचे काही सेकंद, आम्ही चार गुणांनी मागं. क्लोव्हिसनं फेकला. चेंडू पाणी पिऊन दगड झालेला, त्याच्या हातातनं निसटला, म्हणजे नीट फिरकी घेऊन येईना. नाक खाली, आणि उलटा, असा गटांगळ्या खात." हातांनी त्यानं गटांगळ्या दाखवल्या. "असा चेंडू बोटांनी धरायला जावं तर गेला. त्याच्याखाली शिरायचं. गुडघे चिखलात घासत न्यायचे, दोन्ही करंगळ्या एकमेकींना लावून, तळवे वर, जमिनीवरनं उचलतोयस असं. आणि शिवण लागली पाहिजे. ओल्या चेंडूला शिवण तेवढी खरखरीत. माझ्या... इथे, ह्या बोटाच्या टोकाला लागली, तेव्हा कळलं की आहे. मग पोटात घेतला आणि अंगावर चौघं पडले. चिखलाला उसाच्या चोथ्यासारखा वास होता. आंबूस. नाकातोंडात तोच."

डेमॅरियनचे हात टेबलावर तळवे वर करून, करंगळ्या जुळवून, तसेच राहिले होते.

"सर," तो हळू म्हणाला, "मिस्टर लूशियस उजवीकडनं बाहेर पळत होते. सगळे तसंच सांगतात. चेंडू त्यांना खांद्यावरनं, मागनं आला असता. नाक खाली, गटांगळ्या, हे त्यांना दिसलंच नसतं. हे दिसतं समोरून. डावीकडनं मध्ये घुसणाऱ्याला."

नळ बंद झाला.

डेमॅरियनची नजर म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरनं वर्लिनच्या पाठीकडे गेली आणि परत आली. पोरगा चांगल्या घरातला. त्यानं लगेच सुटकेचं दार उघडून दिलं. "त्यांनीच सांगितलं असेल ना तुम्हाला. मिस्टर लूशियसनी. नंतर."

एवढं म्हणायचं होतं की हो, त्यानंच सांगितलं. आल्सीडनं हा शब्द पन्नास वर्षं वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हटला होता. चौघांच्या खाली, चेंडू पोटाशी धरून तो पडला होता तेव्हा ध्वनिक्षेपक गरजला होता: लूशियस पोर्टर! अठ्ठावन्न! गाव वेडं झालं, ते त्याला चिखलातून ऐकू आलं. वर उठला तर लोक लूशियसला खांद्यावर घेत होते, आणि लूशियस, जो वीस पावलांवर घसरून पडला होता, वरनं त्याच्याकडे बघत होता. रविवारी तो आल्सीडच्या पडवीत आला. म्हणाला, "उद्या कॉलेजचा माणूस येतोय. तो गेला की सांगू सगळ्यांना. तू आणि मी, दोघं जाऊन." माणूस आला आणि लूशियसचं आयुष्य ठरवून गेला. मग कोण जाणार, कोणाला सांगणार? पुढे नाताळला दरवर्षी कार्ड यायचं, त्यावर फक्त नाव. अगदी शेवटी, न्यू ऑर्लिन्सच्या त्या घरात, लूशियसला माणसं ओळखू येईनात. मांडीवर टॉवेलची गुंडाळी धरून बसायचा. आल्सीड महिन्यातनं एकदा जाई. एकदा त्यानं ती गुंडाळी आल्सीडच्या हातात कोंबली. "घे. तुझा आहे." परिचारिका हसली.

"नाही," आल्सीड म्हणाला. "त्यानं नाही सांगितलं."

मग डेमॅरियन उठला. ताटली उचलून सिंकपाशी नेली, वर्लिनला म्हणाला, "मॅम, फार छान होतं." दारात टोपी हातात फिरवत थांबला. "मिस्टर आल्सीड, ते सत्तावन्न मला पुरेत. कोणाचं काही कमी करून मला वर जायचं नाही. पण तो झेल..." त्यानं पुन्हा तळवे वर केले, करंगळ्या जुळवल्या. "आता दिसतो मला. ह्या मैदानावर." आणि गेला.

वर्लिननं ताटल्या विसळल्या. कढईतला उरलेला रस्सा डब्यात काढला. ओटा पुसला. आल्सीड वाट बघत होता. आता ती वळेल, म्हणेल, काय बरळत होतास? किंवा म्हणेल, पन्नास वर्षं तोंडात काय धरलं होतंस? ओरडेल. त्याला ओरडा हवा होता. आश्चर्याचा एक शब्द जरी तिनं काढला असता तरी त्याला पुरला असता.

तिनं हात पुसले, फ्रिजच्या दारावरचा कागद काढला, टेबलाशी उभ्या उभ्याच अठ्ठावन्नवर एक सरळ रेघ मारली, शेजारी सत्तावन्न लिहिलं आणि खाली सही केली. चष्माही लावला नाही.

"झालं," ती म्हणाली. "दोघं सारखे. आता भांडा म्हणावं गावाला."

"वर्लिन."

"शाळा तीनला बंद होते. देऊन येते."

"तू काही विचारलं नाहीस."

"काय विचारायचं? तूच म्हणालास ना, एकाचा फरक तो केवढा."

"मी ऐकवलं ते तू आत्ता पहिल्यांदा ऐकलंस?"

ती खुर्चीच्या पाठीवरची पर्स शोधत होती. पर्स खांद्यालाच होती.

"लूशियसचा एक कमी केलास," आल्सीड म्हणाला, "पापणीही हलली नाही तुझी. इतकी वर्षं त्या माणसासाठी न्हाव्याशी भांडलीस, पाद्र्याशी भांडलीस, आज सकाळी माझ्याशी भांडलीस. आणि आत्ता एका रेघेत... मला फलकावर जायचं नाही. माझे बारा झाले काय, अकरा राहिले काय, कुत्रं विचारणार नाही. मला आकडा नको."

"मग काय हवंय, आल्सीड?"

तिनं ते मऊ विचारलं. फार वर्षांत इतकं मऊ विचारलं नव्हतं.

आल्सीड उभा राहिला. त्याला दिसत होतं ते वरचं खोकं, पावसात प्लॅस्टिकखाली बसलेली सतरा वर्षांची पोरगी, हातात पेन्सिल. खाली पाच पोरांचा ढीग. ढीग सुटतो, तळाशी एक पोरगा चेंडू कवटाळून. पोरगी खाली बघते. शेजारचा माणूस विचारतो, कोण? आणि ती नाव सांगते. या चित्रात तो पन्नास वर्षं त्या पोरीचे डोळे बघायला धडपडत होता, आणि तेवढेच त्याला दिसत नव्हते. तिला दिसला नसेल, तर चिखलाचा दोष. मग अख्ख्या गावासारखी तीही. आणि दिसला असेल, ओळखला असेल, आणि तरी तिनं दुसऱ्याचं नाव घेतलं असेल, तर? तर तिनं त्याच्याकडनं तो झेल घेऊन ज्याच्यावर जीव होता त्याला देऊन टाकला. यातलं कुठलं जास्त दुखेल हे त्यानं फाटकावर पाठमोरं उभं राहून शेकडो शुक्रवारी मोजलं होतं. आज मात्र त्याला नक्की कळलं होतं की त्याला दुसरं हवंय. दुखू दे. पण तिनं पाहिलेलं असू दे.

"त्या दिवशी वरनं," तो म्हणाला, "मी उठलो तेव्हा. तोंड चिखलानं भरलेलं, पण मी वर बघितलं होतं. सगळे लूशियसकडे पळाले आणि मी वर, तुझ्याकडे बघितलं. तुला मी दिसलो होतो का, वर्लिन? तेवढंच सांग. मी होतो हे तुला ठाऊक होतं का?"

वर्लिन दाराची कडी हातात धरून उभी होती. तिची पाठ त्याच्याकडे होती. कागद तिनं दुमडला, मग आणखी एकदा दुमडला, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि चेन ओढली. एकदा मान किंचित वळली, इतकी की तिच्या गालाची कड त्याला दिसली, आणि तिच्यावर आश्चर्य कुठेच नव्हतं.

मग तिनं जाळीचं दार ढकललं, पायऱ्या उतरली आणि गाडीकडे चालू लागली.